तारेला फ्यूज असतो, कानाला नसतो

हल्ली दारात नवी गाडी आली की पूजेपाठोपाठ तिच्या डिकीत सबवूफर बसतो. तरुणांच्या हौसेला माझा विरोध नाही. परंतु या हौसेत दोन धोके आहेत आणि दोहोंकडे आपण सारखेच दुर्लक्ष करतो.

पहिला धोका तारेचा. बॅटरी १२ व्होल्टची, तिचा शॉक बसत नाही, म्हणून लोक निर्धास्त असतात. पण ५०० वॉटचा ॲम्प्लिफायर पूर्ण जोरात ४० अँपियरहून अधिक प्रवाह ओढतो. गाडीचा पत्रा बॅटरीच्या ऋण टोकाला जोडलेला असतो. डिकीकडे जाणारी तार पत्र्याच्या भोकात घासून उघडी पडली, की ती क्षणात लालबुंद होते आणि आतला गालिचा पेट घेऊ शकतो. म्हणून फ्यूज बॅटरीपासून हातभर अंतराच्या आतच हवा. ॲम्प्लिफायरमधला फ्यूज मधल्या तारेचे रक्षण करीत नाही. तार पुरेशी जाड असावी, पत्र्यातून जाते तेथे रबरी कडे असावे. फ्यूज वारंवार उडतो म्हणून मोठा फ्यूज घालणे म्हणजे ताप उतरत नाही म्हणून थर्मामीटर फोडणे!

दुसरा धोका कानाचा. अंतर्कर्णातील सूक्ष्म केसांच्या पेशी एकदा मेल्या की पुन्हा तयार होत नाहीत. ८५ डेसिबलचा आवाज दिवसाला ८ तास ही मर्यादा मानतात. पुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मा होतो. म्हणजे १०० डेसिबलला अवघी १५ मिनिटे! खर्जातले स्वर कानाला मुळात कमी जाणवतात, म्हणून बटण पुढे सरकत राहते. त्यात काचा बंद, आणि मागच्या आसनावर, वूफरच्या अगदी जवळ, लहान मुले.

गाडीतून उतरल्यावर कानात गुणगुण होत असेल, दडे बसत असतील किंवा शेजारच्याशी ओरडून बोलावे लागत असेल, तर आवाज जास्त आहे असे समजावे. असे गेलेले ऐकणे परत आणणारे औषध माझ्याकडे नाही आणि मोठ्या शहरातील तज्ज्ञांकडेही नाही.

माझे स्पष्ट मत असे, की बॅटरीजवळ फ्यूज न लावता तार जोडून देण्यास कारागिरांनी सरळ नकार द्यावा. गिऱ्हाइकानेही त्या किरकोळ खर्चासाठी घासाघीस करू नये. आणि घरातील वडीलधाऱ्यांनी गाडीत बसताच पहिल्यांदा आवाज कमी करायला सांगावे. पोरे हसली तरी चालेल, चाळिशीनंतर ती ऐकू शकतील.