टायरचा नाप आणि व्यापाऱ्याची जबान

मुंबईत जुन्या मोटारींची रॅली निघते तेव्हा वर्तमानपत्रांत गाडीच्या मालकाचा फोटो येतो. त्या गाडीखाली आडवा होऊन काम केलेल्या कारागिराचा येत नाही. त्याची तक्रार करायला हा लेख नाही. कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर टायर आणि रिमची दुकाने आहेत, चोर बाजाराच्या गल्ल्यांत जुन्या गाड्यांचे सुटे भाग मिळतात, आणि या धंद्यात आपले बांधव मोठ्या संख्येने आहेत. म्हणून या धंद्यातल्या एका शब्दाविषयी मला लिहायचे आहे. तो शब्द म्हणजे ‘बसतो’.

गिऱ्हाईक विचारते, ‘भाई, या गाडीला हा टायर बसेल का?’ दुकानदार रिमचा आकडा पाहतो, टायरचा आकडा पाहतो. दोन्हीकडे १४ असेल तर म्हणतो, ‘बसतो, घेऊन जा.’ तो खोटे बोलत नाही, टायर बसतोच. पण रिमवर बसणे वेगळे आणि गाडीला लागू पडणे वेगळे. या दोहोंतला फरक गिऱ्हाइकाला माहीत नसतो, दुकानदाराला माहीत असायला हवा. गिऱ्हाईक पैसे मोजते ते त्याच माहितीचे.

उदाहरणासाठी एमजीबी ही इंग्लंडची दोन सीटची स्पोर्ट्स मोटार घेऊ. (२०१९ पासून आपल्याकडे शोरूममध्ये एमजी नावाने ज्या गाड्या विकल्या जाऊ लागल्या त्या या नव्हेत.) ही गाडी १९६२ ते १९८० या काळात ॲबिंग्डन येथील कारखान्यात बनली आणि पाच लाखांहून अधिक निघाली. आपल्याकडे ती मोजकीच आहे. टीसी, टीडी या तिच्या थोरल्या बहिणी जास्त दिसतात. परंतु हिशेब समजून घ्यायला ही गाडी सोयीची आहे. सुरुवातीला तिला ५.६०-१४ हा जुन्या पद्धतीचा क्रॉसप्लाय टायर होता, पुढे १६५ आर १४ हा रेडियल आला. कुर्ल्यातच फियाट-पद्मिनी बनत असे, तिचा टायर ५.२०-१४. म्हणजे १४ हा आकडा दोन्हीकडे तोच, पण फियाटचा टायर जवळजवळ अर्धा इंच अरुंद. १४ पाहून माल देणारा इथेच चुकतो.

खरा नाप उंचीचा आहे. टायरवर १६५/८० आर १४ लिहिले असेल तर १६५ मिलिमीटर ही रुंदी आणि रुंदीच्या ८० टक्के ही रबराच्या भिंतीची उंची, म्हणजे १३२. ती वर आणि खाली धरून २६४. त्यात १४ इंच रिमचे ३५५.६ मिलिमीटर मिळवा, एकूण उंची ६२० च्या आसपास येते. जुन्या १६५ आर १४ वर टक्केवारी लिहिलेली नसे. तिथे साधारण ८२ टक्के धरतात, म्हणजे उंची ६२६. हा हिशेब शाळकरी पोरगाही करील, पण आपल्या किती दुकानांत तो केला जातो?

आता हौशी मालक येतो. त्याला रुंद टायर आणि चकचकीत ॲलॉय हवे असते. आपण त्याला २०५/५० आर १५ दाखवतो. त्याची उंची भरते ५८६. मूळ उंचीपेक्षा ४० मिलिमीटर कमी, म्हणजे आधीच जमिनीला टेकायला आलेली गाडी आणखी २० मिलिमीटर खाली बसणार. मुंबईतले स्पीड ब्रेकर ज्याने पाहिले आहेत त्याला सायलेन्सरचे काय होणार हे सांगायला नको. शिवाय स्पीडोमीटर ६० च्या वेगाला ६४ दाखवील. त्याऐवजी १९५/६० आर १५ दिला तर उंची ६१५ येते, १८५/७० आर १४ दिला तरी ६१५. उंचीपुरते दोन्ही ठीक. गल्लोगल्ली मिळणारा १८५/६५ आर १४ मात्र ५९६ वर येतो, आणि नेमका तोच ‘चालतो हो’ म्हणून खपवला जातो.

उंचीनंतर रुंदी. आम्ही कापडवाले पन्ना मोजल्याशिवाय माल घेत नाही, कारण ठाण्यावर ५८ इंच लिहिलेले कापड टेबलावर ५६ भरते हे आम्हाला ठाऊक असते. टायरचेही तसेच आहे. १८५ लिहिलेला टायर प्रत्येक कंपनीचा बरोबर १८५ भरत नाही, आणि रिम अर्धा इंच रुंद केली की तोच टायर सुमारे ५ मिलिमीटर फुगतो. १८५/७० ला साडेचार ते सहा इंचांची रिम लागते. एमजीबीची तारांची चाके चार-साडेचार इंचांची, म्हणजे साडेचारच्या रिमवर हा टायर अगदी काठावर आणि चारच्या रिमवर द्यायचाच नाही. १९५/६० ला किमान साडेपाच हवी. शिवाय मागच्या मडगार्डची कड टायरला लागते का ते डावीकडे आणि उजवीकडे वेगवेगळे मोजावे. जुन्या गाडीत धुरा अगदी मध्यावर असेलच असे नाही, एका बाजूला बोट जाते आणि दुसऱ्या बाजूला जात नाही. रिकाम्या गाडीत न घासणारा टायर दोन माणसे आणि सामान भरल्यावर वळणावर घासतो, भिंत कापली जाते, आणि तो फुटतो तेव्हा गाडी गल्लीत नसून पुण्याच्या एक्स्प्रेसवेवर असते.

रिमच्या भोकांचा प्रश्न याहून नाजूक आहे. नटांनी बसणाऱ्या चाकाच्या एमजीबीला चार भोके, ११४.३ मिलिमीटरच्या वर्तुळावर. हाच पीसीडी अनेक जुन्या जपानी गाड्यांचा. म्हणून भंगारात आलेली जपानी रिम तिला ‘बसते’. पण त्यांतल्या पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाड्यांच्या रिमचा ऑफसेट ३५ ते ४५ च्या घरात. एमजीबीचा २०-२५ च्या आसपास. चाक तेवढे आत ओढले जाते आणि आतल्या बाजूने लागते. मग मध्ये स्पेसर टाकायचा, स्पेसरमुळे बोल्ट अपुरा पडायचा... हा सिलसिला मी इथेच थांबवतो. लेथवर भोक ओढून पीसीडी जुळवणे हा तर गुन्हा समजावा. ज्याने असे काम केले त्याने ती गाडी कोण चालवणार आहे, तिच्या शेजारी कोण बसणार आहे, याचा विचार केलेला नसतो.

तारांच्या चाकाला ट्यूब लागतेच. स्पोकची टोके रिमच्या आत निघतात, तिथून हवा जाते. वरून रबरी पट्टी नीट बसवावी, रेडियलची ट्यूब रेडियललाच द्यावी, आणि टायरच्या आत चिकटलेला कागद खरवडून काढावा, नाहीतर तोच ट्यूब खातो. पुढे रेडियल आणि मागे क्रॉसप्लाय असा जोड कोणी मागितला तर सरळ नकार द्यावा.

आणखी एक फसवा माल आहे. छोट्या टेम्पोला लागणाऱ्या टायरवर १६५ आर १४ एलटी असे लिहिलेले असते. आकडे तेच, पण जात वेगळी. तो माल वाहण्यासाठी केलेला कडक टायर, त्याला पूर्ण वजनाला ६०-६५ पौंड हवा लागते. एमजीबीच्या हँडबुकात पुढे २१ आणि मागे २४ पौंड लिहिले आहे. नऊशे-साडेनऊशे किलोच्या गाडीला असा टायर घालणे म्हणजे मलमलीला ताडपत्रीचे अस्तर लावण्यासारखे.

मग बरोबर टायर कोणता? इथेच व्यापाऱ्याची कसोटी आहे. १६५/८० आर १४ हा मारुती स्विफ्टच्या साध्या मॉडेलचा टायर आहे. साठीतल्या इंग्रजी स्पोर्ट्स मोटारीच्या मापाला तो सहा मिलिमीटरच्या फरकाने जुळतो आणि कोणत्याही दुकानात मिळतो. ताशी १९० किलोमीटरचा टी दर्जा, गाडीचा कमाल वेग १७० च्या आसपास. त्यावर जुन्या काळची नक्षी नसते हे खरे. ती नक्षीच हवी असेल तर परदेशातून खास टायर मागवावे लागतात, आणि २०२० च्या जूनमध्ये सरकारने नव्या टायरांची आयात निर्बंधित केल्यापासून ते पूर्वीसारखे सोपे राहिले नाही. पण जो माणूस गाडी चालवायला घेतो, त्याला हा साधा टायर पुरेसा आहे.

हे सांगितले की चार ॲलॉय आणि चार रुंद टायरांचा सौदा हातचा जातो आणि साध्या चार टायरांवर भागते. गिऱ्हाईक तयार, खिसा भरलेला, आपण मात्र त्याला स्वस्त माल सुचवायचा. अवघड आहे, मान्य. काही बंधू म्हणतील, ‘त्याने मागितले, आम्ही दिले, यात नाजायज काय?’ धान्याच्या ढिगात हात घालून आतला ओलावा बाहेर काढल्याची हजरत मुहम्मद (स.) यांची हदीस आपल्या प्रत्येक व्यापाऱ्याला माहीत आहे. त्या विक्रेत्यालाही कोणी आतला माल विचारला नव्हता. ऐब सांगण्याची जबाबदारी विकणाऱ्याची आहे, आणि मापात न बसणारा टायर हा ऐबच आहे, तो कितीही नवा असो.

वयाचेही असेच. हौशी गाडीचा टायर झिजून मरत नाही, उभ्या उभ्या म्हातारा होतो. भिंतीवरच्या चार आकड्यांत पहिले दोन आठवड्याचे आणि पुढचे दोन वर्षाचे. तीनच आकडे असतील तर तो टायर २००० पूर्वीचा. कितीही काळाभोर दिसला तरी गाडीला देऊ नये. पॉलिश मारून तो ‘न वापरलेला’ म्हणून विकणाऱ्याला मी व्यापारी म्हणणार नाही.

नफ्याचे काय, हा प्रश्न रास्त आहे. माझे म्हणणे असे की आपण टायरवर कमावतो आणि नाप घेण्याचे काम फुकट करतो, हेच उलटे झाले आहे. दर्जी कापड विकत नाही, माप घेतो आणि शिलाई घेतो. कोणी त्याच्याशी हुज्जत घालत नाही. तारांचे चाक सरळ करणे, ट्यूब-पट्टी बसवणे, ऑफसेट मोजणे, बॅलन्सिंग, याची मजुरी उघडपणे लावा आणि बिलावर लिहा. जो मालक गाडीच्या रंगावर लाखो खर्च करतो तो या मजुरीला नाही म्हणणार नाही. बिलावर टायरचा पूर्ण आकडा, चार आकड्यांची तारीख, रिमची रुंदी आणि ऑफसेट एवढे तरी असावे. त्याने मालकाचेही समाधान होते आणि उद्या भांडण झाले तर दुकानदाराचाही बचाव होतो. शागिर्दांनाही हा हिशेब शिकवावा. नुसता पाना फिरवायला शिकलेला पोरगा आयुष्यभर पानाच फिरवतो.

टीसीच्या मालकांसाठी एक शब्द. तिचे चाक १९ इंचांचे, टायर ४.५०-१९. जुन्या बुलेटचेही चाक १९ इंचांचेच, तेव्हा कोणी ना कोणी मोटारसायकलचा टायर पुढे करणारच. तो मोटारीसाठी बनलेला नाही. आणि कोणतीही गाडी असो, चारही चाके चढवल्यावर ती जॅकवरून उतरवावी, दोन माणसे आत बसवावीत, स्टिअरिंग डावीकडे आणि उजवीकडे शेवटपर्यंत फिरवून मडगार्डखाली हात घालून पाहावा, आणि मगच बिल फाडावे.