एप्रिलमध्ये बघू!

बऱ्याच दिवसांनी लिहितेय. कारण बँकेत नोकरी करणाऱ्यांना सांगायला नकोच... मार्च एंड!

मार्च लागला की माझं एक वाक्य ठरलेलं असतं, "एप्रिलमध्ये बघू." सकाळचं फिरणं? एप्रिलमध्ये. दाढ दाखवायची? एप्रिलमध्ये. झोपसुद्धा एप्रिलमध्येच. इतकी वर्षं निभावलं, त्यामुळे यात काही चुकतंय असं कधी वाटलंच नाही.

यंदा २४ मार्चला संध्याकाळी थकीत कर्जांची यादी तपासत होते आणि स्क्रीनवरचे आकडे हलायला लागले. डोकं जड झालं. "चष्म्याचा नंबर वाढला असेल, एप्रिलमध्ये बघू," असं मी तेव्हाही म्हणाले! आमच्या शिपाईकाकांनी मात्र ऐकलं नाही. हाताला धरून समोरच्या दवाखान्यात नेलं. बीपी १८०/११०.

डॉक्टरांनी विचारलं, "गोळी शेवटची कधी घेतली?" मला आठवेना. घरी येऊन पाहिलं तर पाकीट १२ तारखेलाच संपलेलं. औषधांचं दुकान कुठे आहे? आमच्या शाखेच्या बरोब्बर खाली. जिना उतरला की दुकान.

बीपीचा हाच लबाडपणा आहे, ते बहुतेक वेळा दुखत नाही. दाढ ठणकली असती तर मी धावत गेले असते. म्हणून "मला काही होत नाहीये" या वाक्याला काही अर्थ नाही, हे आता कळलं.

जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटना यांचा २०२१ सालचा एक अभ्यास आहे. आठवड्याला ३५ ते ४० तास काम करणाऱ्यांपेक्षा ५५ किंवा जास्त तास काम करणाऱ्यांना पक्षाघाताचा धोका सुमारे ३५ टक्के जास्त, आणि हृदयविकाराने मृत्यूचा १७ टक्के. मी माझा हिशोब मांडला. सकाळी नऊ ते रात्री आठ, शनिवार धरून. ६६ तास! एका महिन्याने लगेच काही होत नाही, असं तुम्ही म्हणाल. पण आमचा मार्च एका महिन्याचा राहिलाय कुठे? एप्रिलमध्ये ऑडिट, मग बदल्या, मग जूनची तिमाही. ज्या एप्रिलवर मी सगळं ढकलत होते तो येतच नाही.

डॉक्टरांनी दोन दिवस सक्तीने घरी बसवलं. क्लोजिंगचं काय होणार म्हणून मी तळमळत होते. काय झालं? सगळं वेळेत झालं. माझ्यावाचून काही अडलं नाही. खरं सांगते, थोडं वाईटच वाटलं.

पण त्याहून जास्त वाईट वाटलं ते वेगळ्याच गोष्टीचं. "आज डबा उघडायलाही वेळ मिळाला नाही," हे मी शाखेत मोठ्या अभिमानाने सांगायचे. परत कामावर गेले तर आमच्याकडे नव्याने लागलेली मुलगी हेच वाक्य त्याच थाटात कुणाला तरी सांगत होती. कुणाचं बघून शिकली, हे वेगळं सांगायला नको. मॅडम उठल्याशिवाय आपण कसं उठायचं, हेही ती माझ्याकडूनच शिकली.

आता मी जिमचे वगैरे संकल्प सोडलेले नाहीत (म्हणजे केलेलेच नाहीत!). गोळ्या टूथब्रशशेजारी ठेवते आणि पाकिटात सात उरल्या की पुढचं आणते. दीडला डबा उघडतेच, त्या मुलीला शेजारी बसवून. चारनंतर चहा नाही. आणि जेव्हा लवकर निघते तेव्हा सगळ्यांना ऐकू जाईल असं "चला, निघते" म्हणून निघते. गुपचूप सटकण्यापेक्षा हे जास्त गरजेचं आहे असं माझं मत झालंय.

असो. आईला यातलं काही सांगितलं नव्हतं. हे वाचून तिचा फोन येईलच. आई, आजची गोळी घेतली गं!

आणि मंडळी, तुम्ही काय काय एप्रिलवर ढकललंय?