कासावलीला गाडी थांबते म्हणून...

वास्कोहून मडगावला रेल्वेने शेवटचे कधी गेला होतात? आठवत नाही ना? आपलं सगळ्यांचंच असं झालंय. घाई असली की दुचाकी, नाहीतर बस. मधलं कासावली स्टेशन आपल्या लक्षातही नसतं. वेळसांव-आरोशीचा दर्या तिथून जवळच, माडांच्या पलीकडे.

हे स्टेशन आजचं नव्हे. १८७८ साली पोर्तुगाल आणि इंग्रज यांच्यात करार झाला. इंग्रजांना गोव्याच्या मिठावर ताबा मिळाला आणि गोव्याला मुरगांव बंदर नि रेल्वे. १८८७ साली गाडी सावर्ड्यापर्यंत धावली, पुढच्याच वर्षी घाट चढून कॅसलरॉकला पोचली. १९५५ च्या नाकेबंदीत सरहद्दीपलीकडची वाहतूक बंद पडली, ती मुक्तीनंतर सुरू झाली. नव्वदच्या दशकात मीटरगेज जाऊन ब्रॉडगेज आला.

म्हणजे हा मार्ग मुळात बंदरासाठी, मालासाठी. गावांना तो मिळाला तो ओघाने. पण गावांनी तो आपला केला. वास्को-कुळे पॅसेंजर अजून कासावलीला थांबते. गोवा एक्सप्रेस मात्र न थांबता निघून जाते.

आता दुपदरीकरणाचा वाद. रुळांना लागून घरं आहेत. रेल्वे म्हणते, गाड्या वाढतील. गावकरी म्हणतात, वाढेल तो कोळसा. वरच्या टोकाला, कॅसलरॉक ते कुळे या टप्प्याला राष्ट्रीय वन्यजीव मंडळाने दिलेली मंजुरी सर्वोच्च न्यायालयाने ९ मे २०२२ रोजी रद्द केली. खाली किनाऱ्यावर मात्र धुसफूस चालूच राहिली.

माझं म्हणणं साधं आहे. आधी आहे त्या रुळावर सकाळी कामाच्या वेळेला आणि संध्याकाळी परतीला वास्को-मडगाव लोकल सोडून दाखवा. कासावलीच्या पोराला कॉलेजला, म्हातारीला मडगावच्या बाजारात वेळेवर पोचवा. मग गाड्या आमच्यासाठी वाढणार यावर लोक विश्वास ठेवतील.

आणि दोष फक्त रेल्वेचा नाही हं! गाडीत आपणच बसलो नाही, तर कोणत्या तोंडाने गाड्या मागणार? पण वेळेला गाडीच नसेल तर बसायचं तरी कशात?

मालगाडीला कासावली हे वाटेतलं नुसतं एक नाव. तिथे थांबते ती पॅसेंजर. उद्या तीही थांबेनाशी झाली, तर गावाच्या वाट्याला उरणार काय? फक्त खडखडाट!