खलनायक वेळ का घालवतो?

आठवीच्या वर्गात साहसकथा वाचायला घेतली की एक प्रश्न हमखास येतो. नायक खांबाला बांधलेला आहे, खलनायकाच्या हातात पिस्तूल आहे, मग तो बोलत काय बसतो? गोळी का घालत नाही? ‘लेखकाला नायक जगवायचाय म्हणून,’ असं मागच्या बाकावरून उत्तर येतं आणि वर्गाला ते पटतं. मला पटत नाही. मी सिंदखेडराजा तालुक्यात मराठी शिकवते. हाती लागलेल्या माणसाला लगेच मारलं की काय होतं, याचा दाखला आमच्याकडे दगडात उभा आहे.

तो म्हणजे लखुजीराजे जाधवांची समाधी. २५ जुलै १६२९ रोजी मुर्तझा निजामशहाने त्यांना दौलताबादच्या किल्ल्यात ठार करवलं. अचलोजी आणि राघोजी ही मुलं, नातू यशवंतराव, सगळे तिथेच कापले गेले. ना कैद, ना चौकशी, ना सौदा. जिजाऊंच्या पोटात तेव्हा शिवराय होते.

आता निजामशहाच्या पदरात काय पडलं ते पाहा. लखुजीराजांचे भाऊ जगदेवराव मोगलांकडे गेले. जावई शहाजीराजे दुरावले. ज्या सरदारांच्या बळावर गादी टिकली होती त्यांनाच कळून चुकलं, की या दरबारात कुणाचंही डोकं सुरक्षित नाही. १६३३ मध्ये दौलताबाद पडलं, १६३६ मध्ये निजामशाही संपली. दुष्काळ आणि मोगलांचा रेटा होताच, पण निजामशहाने आपला आधार आपल्या हाताने तोडला होता.

आग्र्याला नेमकं उलट घडलं. १२ मे १६६६ च्या दरबारानंतर शिवाजी महाराजांवर पहारे बसले. औरंगजेबाला ते जिवंत नको होते, तरी त्याचा हात थांबला. मिर्झाराजे जयसिंगांनी महाराजांना सुरक्षिततेचा शब्द दिला होता, त्यांचा मुलगा रामसिंग जामीन होता आणि जयसिंग स्वतः दक्षिणेत बादशहाचीच फौज घेऊन विजापूरशी लढत होते. अशा सेनापतीचा शब्द मोडायचा तर बादशहालाही दहादा विचार करावा लागतो. त्या तीन महिन्यांत महाराजांनी वाट शोधली आणि १७ ऑगस्टला ते निसटले.

संभाजी महाराज फेब्रुवारी १६८९ च्या सुरुवातीला पकडले गेले आणि ११ मार्चला मारले गेले. मधले दिवस बादशहा कचरत नव्हता. त्याला किल्ले हवे होते, खजिना हवा होता, आपल्यातलं कोण फितूर आहे ती नावं हवी होती. महाराजांनी काहीही दिलं नाही. हे दिवस वर्गात शिकवताना माझा आवाज आजही स्थिर राहत नाही.

म्हणून मला वाटतं, उशीर हा खलनायकाचा मूर्खपणा नसतो. त्याला कैद्याकडून काही हवं असतं, नाहीतर कैद्यामागे उभ्या असलेल्या कुणाची तरी धास्ती असते. कंसाने देवकीवर उगारलेली तलवार खाली घेतली, ती वसुदेवाने मुलं आणून देण्याचं वचन दिलं म्हणून. ‘शोले’तला गब्बर ठाकूरचे हात तोडतो आणि जीव ठेवतो, कारण त्याला मरण नको, ठाकूरची लाचारी हवी आहे. हे कारण दिसलं की वाचक श्वास रोखून बसतो. न दिसलं की खलनायक नुसता पोकळ हसतो, आणि मग मागच्या बाकावरचं उत्तर खरं ठरतं.

मुलांसाठी साहसकथा लिहिणाऱ्यांना, दिवाळी अंकांच्या संपादकांनाही, माझी कळकळीची विनंती आहे. नायकाला खांबाला बांधण्याआधी खलनायकाला त्याच्याकडून काय हवंय, ते पक्कं ठरवा आणि कथेत दिसू द्या. आठवीतली मुलं ते पान पुन्हा उलटून तपासतात.