फडातली लेकरं आणि आपण



दसरा-दिवाळी झाली की बीड, पाथर्डीकडच्या टोळ्या आपल्या भागात उतरतात. तळावर कोप्या पडतात, आणि तोडीची चिठ्ठी आपल्या नावाची कधी निघते याकडं आपण डोळे लावून बसतो. उशीर झाला की वजन घटतं, खोडवा लांबतो. ही काळजी आम्हालाही आहे. आम्ही काही वेगळे नाही.

पण फडात उभं राहून जरा मोजावं. मुकादमाच्या वहीत एक कोयता म्हणजे नवरा आणि बायको. उचल त्या दोघांवर, मजुरी टनावर. प्रत्यक्षात बांधावर दहा वर्षांची पोरगी धाकट्याला कडेवर घेऊन उभी असते. पहाटेचं पाणी तिनंच आणलेलं, कोपीची राखण तिच्याकडंच. धाकटा झोपला की ती पाचट बाजूला करते, वाढं गोळा करते. भाऊ असला तर गाडीचे बैल धरतो, रात्री कारखान्यावर रांगेत बापाबरोबर जागतो. या हातांची नोंद कुठल्याच वहीत नाही. टनात मात्र ते आलेले असतात, आणि आपला ऊस त्यांच्यामुळंही लवकर हलतो.

"आईबापामागं लेकरं येणारच, त्याला आम्ही काय करणार?" असं आपल्यातले पुष्कळ म्हणतात. खरं आहे. गावी सांभाळायला कोणी नसलं तर आईनं लेकरू ठेवायचं कुठं? पण येणं वेगळं न् राबणं वेगळं. 1986 चा बालकामगार कायदा 2016 साली बदलला. तेव्हापासून चौदा वर्षांखालच्या मुलाला कुठल्याच कामावर ठेवता येत नाही. घरच्या धंद्यात मदतीची सवलत आहे, पण शाळा सुटल्यावर किंवा सुट्टीत. आता ऊस आमचा, सातबारा आमचा, मग धंदा त्यांच्या घरचा कसा? आणि शाळा तर गावीच राहिली.

शिक्षण हक्काचा कायदा 2010 पासून लागू आहे. दाखला नाही म्हणून जवळच्या शाळेला मूल परत पाठवता येत नाही. सरकारची हंगामी वसतिगृहंही गावाकडं असतात. पण कडेवर धाकटं असताना पोरगी शाळेत जाणार कशी? आमच्या मते खरी गाठ इथंच आहे. आधी धाकट्याची सोय, मग थोरलीची शाळा.

सर्वसाधारण सभेत आपण भावावर, काट्यावर तावातावानं बोलतो. यंदा तळावर एक पाळणाघर आणि शाळेपर्यंत एक गाडी, एवढा ठराव मांडायचा आमचा विचार आहे. खर्चाला टनामागं काही कापावं लागलं तर आमच्या बिलापासून सुरुवात करा. टोळीला खुशाली देताना आपण एवढा हिशेब कुठं करतो?

राहिली आमची खोड. तोडीच्या दिवशी वाढ्याचा भारा बांधावर आणायला समोर दिसेल त्या पोराला हाक मारायची सवय आम्हालाही आहे. या हंगामात तो भारा आम्ही आमच्याच डोक्यावर आणणार.