माल गार, माणूस घामाघूम

अकलोलीच्या गरम पाण्याच्या कुंडात उतरलेला माणूस उकडू लागले की बाहेर येतो. त्याच भिवंडी तालुक्यातल्या पत्र्याच्या गोदामात भर दुपारी ट्रक रिकामा करणाऱ्या हमालाला ती मुभा नसते. व्यापारी इमारती आता ‘स्मार्ट’ होत आहेत. लशींच्या शीतगृहात तापमान 2 ते 8 अंशांच्या बाहेर गेले की यंत्र इशारा देते. हमालासाठी तसा इशारा क्वचितच असतो.

घाम वाळला तरच शरीर थंड होते. आपल्याकडच्या दमट हवेत तो लवकर वाळत नाही, त्यात डोक्यावर तापलेला पत्रा. शरीराचे तापमान 40 अंशांपुढे जाऊन माणूस असंबद्ध बोलू लागला, तर तो उष्माघात समजावा. त्याला सावलीत न्यावे, अंग ओले करून वारा घालावा आणि 108 क्रमांकावर फोन करावा. शुद्ध नसेल तर पाणी पाजू नये.

पण ही वेळच येऊ नये. पत्र्याला पांढरा रंग आणि हवा खेळती राहण्याची सोय बांधकामातच हवी. उष्णता आणि आर्द्रता मोजणारा सेन्सर माणसे राबतात तिथे हवा. तो वाजला की काम थांबावे, आणि त्या विश्रांतीची मजुरी कापू नये. नाहीतर इशारा वाजत राहील आणि हमाल ओझे वाहत राहील.