गाडीचे ऑइल आणि घराचा हिशेब

खानदेशात गाडीवर पोट असलेली घरे मोजायला बसलो तर मोहल्ल्यामागून मोहल्ले होतील. कुणाचा स्वतःचा ट्रक आहे, कुणी दुसऱ्याच्या ट्रकवर ड्रायव्हर आहे, कुणाचे गॅरेज आहे, तर कुणाचा मुलगा शाळा सोडून उस्तादाच्या हाताखाली पाने-पकडी द्यायला लागला आहे. धुळ्यात आग्रा रोड आणि सुरत-नागपूर महामार्ग एकमेकांना भेटतात. हा दुसरा रस्ता पारोळा, एरंडोल करत जळगावला आणि पुढे भुसावळला जातो. म्हणून या महिन्यात आम्ही स्वयंपाकघर आणि शाळा बाजूला ठेवून इंजिन ऑइलविषयी बोलणार आहोत. विषय गॅरेजचा वाटला तरी त्याचा भुर्दंड घराला बसतो.

आधी ऑइल करते काय, ते पाहू. ते इंजिनाचे फिरते भाग एकमेकांवर घासू देत नाही, उष्णता वाहून नेते, डिझेल जळून होणारी काजळी स्वतःत धरून ठेवते आणि आत तयार होणाऱ्या आम्लांपासून धातू वाचवते. या कामासाठी त्यात खास रसायने मिसळलेली असतात. ती हळूहळू संपतात. काजळी वाढते, थोडे डिझेल आणि पाण्याचा अंश ऑइलमध्ये उतरतो. जळगाव-भुसावळकडे उन्हाळ्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो. अशा उन्हात भरलेली गाडी बिजासनचा घाट चढते तेव्हा ऑइलवरचा ताण आणखी वाढतो. मग एक दिवस ऑइल भरलेले दिसते, पण त्यात दम उरलेला नसतो. बेअरिंग घासते, लायनर-पिस्टन जातात आणि इंजिन खोलावे लागते. एका ट्रकवर हप्ता, मुलांची फी आणि घरभाडे चालवणाऱ्या कुटुंबाला त्या कामाचा खर्च तर सोसावा लागतोच, शिवाय गाडी उभी राहिल्याने तेवढ्या दिवसांची कमाईही जाते.

असे असूनही ऑइल बदलायला उशीर का होतो? आमच्या भागातले उत्तर सोपे आहे. रावेर-यावलची केळी दिल्लीकडे निघाली की वाट हजार-अकराशे किलोमीटरची असते. केळी थांबत नाहीत, त्यामुळे ट्रकही थांबत नाही. परतीचे भाडे मिळाले की ते सोडवत नाही. “उस्ताद, अजून एक फेरी मारून येतो, मग बदलू,” हे वाक्य प्रत्येक गॅरेजने ऐकलेले असते. ऑइल बदलायचे तर गाडी थंड होऊ द्यायची, खाली झोपून चेंबरचा नट खोलायचा, सगळे ऑइल उतरू द्यायचे, फिल्टर बदलायचा आणि नवे भरायचे. मोठ्या ट्रकच्या इंजिनात साधारण १५ ते २५ लिटर ऑइल लागते. म्हणजे पैसाही एकरकमी जातो आणि वेळही.

ही अडचण जगभर आहे आणि तिच्यावर गाडीतच उपाय बसवण्याचे प्रयत्नही झाले आहेत. सर्वात साधा उपाय म्हणजे चेंबरच्या नटाऐवजी झडप. नट खोलावा लागत नाही, झडप फिरवली की ऑइल नळीवाटे थेट डब्यात उतरते. खाणींत चालणाऱ्या मोठ्या डंपरांवर याहून पुढची सोय असते. जमिनीवर उभ्या माणसाच्या हाताला येईल अशा जागी जोड बसवलेले असतात. एका जोडातून जुने ऑइल पंपाने ओढून घेतात, दुसऱ्यातून नवे भरतात. कुणाला गाडीखाली झोपावे लागत नाही आणि थेंबही सांडत नाही.

दुसरा उपाय ऑइल चालत्या गाडीतच साफ ठेवण्याचा. नेहमीच्या फिल्टरमधून अगदी बारीक काजळी निसटते. म्हणून थोडे थोडे ऑइल वेगळ्या वाटेने अधिक बारीक फिल्टरमधून फिरवतात. यातलाच एक प्रकार सेंट्रिफ्युगल फिल्टर. ऑइलच्या दाबानेच त्यातली वाटी भन्नाट फिरते आणि जड मळ तिच्या भिंतीला चिकटून बसतो. आपल्याकडच्या काही ट्रक इंजिनांवरही तो असतो. उस्तादांना तो ठाऊक असतो, पण घाईत साफ करायचा राहून जातो.

तिसरा उपाय सर्वात धाडसी होता. १९६२ पासून ज्यांचे पुण्यात काम आहे त्या कमिन्स कंपनीने १९९० च्या दशकात अमेरिकेत ‘सेंटिनेल’ नावाची यंत्रणा आणली. इंजिनाचा संगणक चेंबरमधले थोडे जुने ऑइल काढून डिझेलमध्ये सोडत असे. ते डिझेलबरोबर जळून जाई आणि गाडीवरच्या वेगळ्या टाकीतून तेवढेच नवे ऑइल आत येई. म्हणजे गाडी चालता चालता ऑइल बदलत राही. फिल्टर मात्र ठरल्या वेळी बदलावेच लागत.

मग ही यंत्रणा आज सगळीकडे का नाही? ऑइलमधल्या रसायनांत जस्त, कॅल्शियम, फॉस्फरस असतात. ऑइल जळाले तरी ते जळून नाहीसे होत नाहीत, त्यांची राख उरते. अमेरिकेत २००७ पासून नव्या डिझेल ट्रकच्या धुराड्यात काजळी अडवणारी जाळी आली. तिच्यात ही राख साचून ती तुंबते. आपल्याकडे १ एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या बीएस-६ नियमांमुळे नव्या डिझेल ट्रकांतही अशी जाळी आहे. म्हणूनच या गाड्यांना कमी राख सोडणारे ऑइल लागते. कुणी ‘जुने ऑइल गाळून डिझेलमध्ये टाक, पैसे वाचतील’ असा सल्ला दिला तर तो ऐकू नका. वाचलेल्या पैशाच्या कितीतरी पट खर्च इंजेक्टर आणि जाळीवर होईल.

२०१५ मध्ये कॅस्ट्रॉलने आणखी एक कल्पना मांडली. ऑइल आणि फिल्टर एकाच बंद डब्यात ठेवायचे आणि जुना डबा काढून नवा बसवायचा. दीड मिनिटात काम होते आणि जुने ऑइल डब्यासकट शुद्धीकरणाला परत जाते. पहिला प्रयोग मात्र महागड्या मोटारीवर झाला. आपल्या केळीच्या ट्रकपर्यंत ती सोय आलेली नाही.

आमच्या मते या सगळ्या यंत्रांतून घेण्यासारखा धडा एकच आहे. यंत्र नट खोलण्याचे कष्ट वाचवते. पण ऑइल कधी बदलायचे आणि उतरवलेले ऑइल जाणार कुठे, हे दोन प्रश्न माणसाकडेच राहतात. सेंटिनेलही या दुसऱ्याच प्रश्नावर अडखळले.

पहिल्या प्रश्नासाठी घरात एक वही ठेवा. ती ड्रायव्हरने ठेवावी असे नाही. घरातली दहावी-बारावीतली मुलगी किंवा आमच्या भगिनीही ती उत्तम ठेवू शकतात. तारीख, मीटरवरचे किलोमीटर, ऑइलचा प्रकार, किती लिटर, फिल्टर बदलला की नाही, एवढेच लिहायचे. पुस्तिकेत २० हजार किलोमीटर सांगितले असतील आणि एक दिल्ली फेरी २,२०० किलोमीटरची असेल, तर नवव्या फेरीनंतर गाडी गॅरेजला गेली पाहिजे. हे गणित आधीच माहीत असले तर ऑइलचे पैसे फेरीमागे थोडे थोडे बाजूला काढता येतात. नव्या ट्रकांत हे अंतर बरेच जास्त असते, म्हणून शेजाऱ्याच्या गाडीचा आकडा घेऊ नका, स्वतःच्या गाडीची पुस्तिका पाहा. ऑइल बदलण्याची आठवण देणारा दिवा असेल तर काम झाल्यावर तो मेकॅनिककडून पुन्हा शून्यावर आणून घ्या.

रोज सकाळी गाडी सपाट जागी, इंजिन बंद असताना गेज काढून पाहा. डिझेल इंजिनाचे ऑइल लवकर काळे होते, ते काजळी धरत असल्याची खूण आहे. नुसत्या काळेपणाने घाबरू नका. पण न भरता पातळी वाढली असेल तर डिझेल किंवा पाणी आत जात आहे. ऑइल दुधाळ दिसले तर पाणीच समजा आणि गाडी चालू करू नका. ऑइल पावतीवर घ्या आणि रिकामा डबा तिथल्या तिथे फोडून टाका. त्याच डब्यात बनावट माल भरून तो पुन्हा विकला जातो.

आता दुसरा प्रश्न. धुळ्यात, जळगावात उतरवलेले ऑइल कुठे जाते, हे आपण सगळे पाहतो. काही सेंट्रिंगच्या प्लेटांना लागते, काही वाळवी लागू नये म्हणून चौकटींना, काही भट्टीत जळते आणि उरलेले गॅरेजमागच्या नाल्यात. नाला पावसाळ्यात पांझरेला नाहीतर गिरणेला मिळतो, आणि जमिनीत मुरलेले ऑइल विहिरी-बोअरपर्यंत जाते. एक लिटर जुने ऑइल दहा लाख लिटरपर्यंत पाणी पिण्यालायक ठेवत नाही, असे अमेरिकेची पर्यावरण संस्था सांगते. त्यात धातूचे कण आणि कर्करोगाला कारण ठरणारी द्रव्ये असतात. कोपरापर्यंत काळ्या हातांनी दिवसभर काम करणारी मुले ती रोज अंगावर घेतात. त्यांना हातमोजे द्या, हात डिझेल-पेट्रोलने नाही तर साबणाने धुवायला लावा, ऑइलचे फडके खिशात ठेवू देऊ नका. गॅरेजचे कपडे घरातल्या कपड्यांपासून वेगळे धुवा.

कायद्याने जुने ऑइल हा घातक कचरा आहे. २०१६ च्या नियमांप्रमाणे ते परवानाधारक शुद्धीकरण करणाऱ्यांकडेच गेले पाहिजे. १ एप्रिल २०२४ पासून ऑइल बनवणाऱ्या आणि आयात करणाऱ्या कंपन्यांवरही ते परत गोळा होऊन शुद्ध होण्याची जबाबदारी आली आहे. सुरुवात ५ टक्क्यांपासून झाली आणि पुढे ती टप्प्याटप्प्याने ५० टक्क्यांपर्यंत जायची आहे. शुद्ध केलेल्या जुन्या ऑइलपासून पुन्हा चांगले ऑइल बनते, म्हणजे तो माल आहे, घाण नाही. एका छोट्या गॅरेजकडे गाडी भरेल एवढे ऑइल जमत नाही, हे खरे. पण एका रस्त्यावरच्या दहा गॅरेजवाल्यांनी झाकणाचे पिंप ठेवले, त्यात पाणी-डिझेल मिसळू दिले नाही आणि मिळून परवाना असलेल्या संकलकाला बोलावले, तर त्याला येणे परवडते आणि यांनाही दोन पैसे मिळतात. मोहल्ल्याच्या कमिटीने हा विषय एकदा बैठकीत घ्यावा.

आपल्या घरी ट्रक, टेम्पो किंवा गॅरेज असेल तर या आठवड्यात दोन गोष्टी करा. वही सुरू करा आणि पुढच्या वेळी ऑइल उतरवताना उस्तादांना विचारा, ‘चाचा, हे कुठे जाणार?’ बरेच गिऱ्हाईक विचारू लागले तर पिंप ठेवायला वेळ लागणार नाही.